भोंगाला मिळालेलं घर

माझ्या भाचीला सगळी गल्ली भोंगा म्हणते, आणि ते नाव ठेवण्याचं पुण्य माझ्या पदरात आहे. ती जन्मली त्या सकाळी मी दवाखान्याच्या फाटकापाशी उभी होते. वरच्या कुठल्याशा मजल्यावरून असा काही टाहो आला, की फाटकावरचा पहारेकरीही मान वर करून बघायला लागला. "आला वाटतं आमचा भोंगा," मी म्हणाले. वर जाऊन बघते तर खरोखरच आमचाच. मुलीला भोंगा कसं म्हणायचं, हा विचार तेव्हा कुणी केला नाही आणि पुढे फार उशीर झाला.

तिचा आवाज मोठा आहे यात तिचा दोष अर्धाच. माझ्या भावाचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, तिथे मी बसते. मागे पडद्याआड नंबर काढायची अंधारी खोली आणि तिला लागून काच घासायचं यंत्र. ते यंत्र सुरू झालं की दात कोरायला घेतल्यासारखा आवाज होतो. दुकानाच्या वर आमचं घर, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी जिन्यातून ओरडतच असतं. भावजय शहर बस चालवते. ती घरी आली की तीही इंजिनाच्या वरच्या पट्टीत बोलते. अशा घरात हळू बोलणारं मूल उपाशीच राहिलं असतं.

भोंगा सोळा वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. शाळा सुटली की ती दुकानात यायची. चष्म्याच्या दांड्या सरळ करणं, नाकावरचे पॅड बदलणं, निसटलेला बारीक स्क्रू लोहचुंबकाने शोधणं, ही कामं ती सराईतपणे करायची. आणि तोंडाचा पट्टा चालूच. गिऱ्हाइकाचा चष्मा नीट व्हायच्या आत त्याच्या घरातले सगळे आजार तिला माहीत झालेले असायचे.

एके दिवशी दुकानात एक परदेशी मुलगी आली. इतकी उंच, की दारातून वाकून आली. चष्मा मधोमध मोडलेला आणि दोन तुकडे चिकटपट्टीने जोडलेले. शाळेत चेंडू लागला होता म्हणे. आपली भाषा तिला मोडकीतोडकी येत होती. भोंगाने स्टूल पुढे ओढलं, फ्रेम हातात घेतली आणि सरबत्ती सुरू केली. कुठून आलीस, इथे काय करतेस, कुणाकडे राहतेस?

"एका घरी," ती उंच मुलगी म्हणाली. "आई आहे, बाबा आहे, दोन मांजर आहे. आधी ओळखत नव्हते. आता माझं घर."

"म्हणजे?" भोंगाच्या हातातली फ्रेम तशीच राहिली.

मग त्या मुलीने शब्द शोधत, हातवारे करत सांगितलं. एक संस्था आहे, ती मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या देशात पाठवते. तिथे शाळेत जायचं आणि अनोळखी कुटुंबात घरच्या मुलासारखं राहायचं. खर्चाचं बरंचसं ती संस्थाच बघते. "तू पण जा," ती हसत म्हणाली. इतकं सहज, जणू कोपऱ्यावरून पाव आणायला सांगत होती.

ती मुलगी नवी फ्रेम लावून गेली आणि भोंगा गप्प बसली. मी घाबरलेच. कपाळाला हात लावून बघितला.

"आत्या," ती म्हणाली, "अनोळखी लोक आपल्याला घरात घेतात! का घेतात गं?"

"वेड लागलं असेल," मी म्हणाले.

"मला पण जायचंय."

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता तिने संध्याकाळीच बार उडवून दिला. भावजय नुकतीच कामावरून येऊन पाय बादलीत बुडवून बसली होती. भाऊ काच घासत होता. भोंगाने आधी यंत्र बंद केलं. आमच्या घरात एवढंच केलं तरी सगळ्यांना कळतं की काहीतरी मोठं आहे.

"मला वर्षभर परदेशी जायचंय. शिकायला. अनोळखी घरात."

भाऊ चष्म्यावरून बघत राहिला. मी म्हणाले, "परक्याच्या घरी? आपल्या घरात तुला स्वतःचं ताट उचलून ठेवायला तीनदा सांगावं लागतं!"

"तिथे एकदाच सांगतील, आत्या. लाज वाटून उचलेन."

भावजयीने पाय पुसले. "अर्ज कुठे करायचा ते बघितलंस का?" एवढंच विचारलं तिने. ती तशीच आहे. बस चालवून चालवून तिला सवय झाली आहे. समोर रस्ता दिसला की आधी निघायचं आणि खड्डे आले की मग बघायचं. माझा भाऊ मात्र घराबाहेर पडायच्या आधी कुलूप चार वेळा ओढून बघणारा. तो म्हणाला, "विचार करू." आमच्याकडे याचा अर्थ 'नाही'च्या जवळपास असतो. पण यंत्र परत सुरू केल्यावर त्याने जी पहिली काच धरली ती टचकन उडाली, तेव्हा मी समजले की गडी हलला आहे.

त्यानंतरचे दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. अर्जासोबत एक पत्र लिहायचं होतं, होणाऱ्या यजमान कुटुंबाला. भोंगा काउंटरवर बसून लिहायची आणि मला वाचून दाखवायची. पहिल्या पत्रात ती इतकी गुणी होती की मी विचारलं, "ही कोण मुलगी? आपल्याकडे का नाही येत?" दुसऱ्यात तिने आमची सगळ्यांची इतकी उणीदुणी काढली की मीच ते फाडलं. शेवटी जे गेलं ते साधं होतं. मी फार बोलते, खोटं बोलता येत नाही, भांडी घासते पण कुरकुरत, आणि तुमच्या घरातले सगळे चष्मे फुकट दुरुस्त करून देईन. वर्गशिक्षिकेने शिफारशीत काय लिहिलं ते कळलं नाही, पण सही करताना त्या म्हणाल्या होत्या, "हिची जीभ विमानाच्या आधी पोहोचेल."

निवडीसाठी एका मोठ्या कॉलेजच्या सभागृहात दिवसभराचं शिबिर होतं. लांबलांबून मुलं आली होती. भोंगा घरून निघाली तेव्हा रंगात होती. बोलण्यात मला कोण हरवणार, असं स्वतःच सगळ्यांना सांगत होती. आणि तिथे पहिलाच खेळ काय निघाला? सहा-सहा मुलांचे गट, प्रत्येकाला रद्दी वर्तमानपत्रांचा ढीग, आणि त्या कागदांचा खुर्चीहून उंच मनोरा करायचा. अट एकच, कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही.

"आत्या, मला वाटलं संपलं!" घरी येऊन ती सांगत होती. "जीभ टाळूला चिकटवून ठेवली मी. मग म्हटलं, थांब. शिवणकाकूंशी मी रोज कशी बोलते?"

शिवणकाकू म्हणजे आमच्या समोरच्या दुकानातल्या. कपडे उसवून, बेतून, दुरुस्त करून देणाऱ्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बरंच कळतं, आणि त्या हातांनी, डोळ्यांनी, भुवयांनी बोलतात. भोंगा पाच-सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे पडीक. आम्हाला वाटायचं, पोर चिंध्या गोळा करायला जाते. तिथे ती भाषा शिकत होती, हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

तर त्या सभागृहात भोंगाने बाह्या सरसावल्या. तू गुंडाळ, तू धर, तू पाय दाबून बस, सगळं हातांनी. एक बुजरा मुलगा कोपऱ्यात बोट वर करून उभा होता, कुणी बघत नव्हतं. हिने बघितलं. त्याने दोन नळ्या फुलीसारख्या ठेवून दाखवल्या. खालचा पाया असा रुंद हवा, असं त्याचं म्हणणं. पटलं सगळ्यांना. मनोरा एकदा धाडकन पडला, तेव्हा सहाही जण तोंड दाबून हसले, आणि परत उभा केला. तो खुर्चीच्या वर गेला तेव्हा ओरडायची सोय नव्हती म्हणून भोंगा जागच्या जागी उड्या मारत राहिली.

नंतर मुलाखतीत दोघं जण होते, एक उंच साहेब आणि एक आखूड केसांच्या मॅडम. मॅडमनी विचारलं, "हातांनी बोलायला कुठे शिकलीस?" भोंगाने शिवणकाकूंबद्दल सांगितलं. इतकं सांगितलं की बाकीचे प्रश्न राहूनच गेले. बाहेर आल्यावर तिला वाटलं, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

पण नाही. पंधरवड्याने ते दोघं आमचं घर बघायला येणार असल्याचा निरोप आला. मुलगी कशा घरातून येते ते बघतात म्हणे. मी तीन दिवस आधीपासून घासपूस सुरू केली. जिन्यातले खोके पलंगाखाली, पलंगाखालचे खोके गच्चीवर. भावाने नवा शर्ट घातला आणि घामाने भिजवला. भावजय मात्र ड्युटीवरून थेट आली, अंगावर गणवेश, कानामागे पेन. "घरच बघायला आलेत ना, मग हेच आहे," म्हणाली.

चहा झाला, बिस्किटं झाली. उंच साहेबांनी भावाला दोन प्रश्न विचारले, त्याने दोन्हींना "बघू" म्हणून उत्तर दिलं. मग साहेब माझ्याकडे वळले. "आत्या, तुम्हाला काय वाटतं? मनापासून सांगा."

आता मनापासून म्हटल्यावर माझा इलाज नाही. मी म्हणाले, "मला वाटतं तिने जाऊ नये. घर खायला उठेल. पण तुम्ही तिला घेतलं नाहीत, तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

मॅडमना ठसका लागला. साहेब इतके हसले की बिस्किटाचा तुकडा गणवेशावर उडाला, भावजयीच्या. तिने तो शांतपणे झटकला आणि विचारलं, "निकाल कधी?"

निकाल आला तो दुपारी. दुकानात एक आजोबा नंबर काढायला खुर्चीत बसले होते आणि भाऊ त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होता. फोन मी उचलला. आखूड केसांच्या मॅडम होत्या. मी फोन भोंगाच्या हातात दिला. ती "हो" म्हणाली, परत "हो" म्हणाली, आणि मग तिने जी आरोळी ठोकली त्याने आजोबा खुर्चीतून उठले. "निवड झाली! आत्या, निवड झाली! बाबा!" समोरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली, बाजूच्या किल्लीवाल्याने शटर वर केलं. अर्धी गल्ली दारात. आजोबा म्हणाले, "अहो, पण मला तिसरी ओळ दिसली का नाही?"

फोन अजून चालूच होता. मॅडम पलीकडून हाका मारत होत्या. भोंगाने परत कानाला लावला, आणि या वेळी ती नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मला वाचता येईना.

"घर पण मिळालंय," ती म्हणाली. "आई, बाबा आणि माझ्याएवढीच एक मुलगी. मुलीला ऐकू येतं. आईबाबांना दोघांनाही येत नाही. घरात हातांनी बोलतात. मॅडम म्हणाल्या, त्या कुटुंबाने माझं पत्र वाचलं, शिवणकाकूंबद्दलही त्यांना कळलं, आणि त्यांनी मला मागितलं. पण आधी मला विचारायला सांगितलंय. नको असेल तर दुसरं घर बघतील."

सगळ्या जगातून या बडबड्या पोरीच्या वाट्याला तेच घर यावं! किल्लीवाला हसू दाबत शटरमागे गेला. भोंगालाही आधी हसू फुटलं. पण संध्याकाळी घरात बैठक बसली तेव्हा हसायचं कुणाला सुचत नव्हतं.

भाऊ म्हणाला, "तू भाषा शिकायला चाललीस ना? घरात बोलणारंच कुणी नसेल तर शिकणार काय?"

"शाळेत एक शिकेन, घरात दुसरी. एकाच्या जागी दोन, बाबा."

"दोन्ही अर्धवट येतील."

"आत्ता शून्य येतात!"

मग मी तोंड उघडलं. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. "रात्रीबेरात्री तुला बरं वाटलं नाही, तर हाक कुणाला मारशील? तुझी हाक या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, पण तिथे तिचा काय उपयोग?"

यावर भोंगा नखं खात बसली. मला वाटलं, जिंकले.

भावजय म्हणाली, "हे आपण आपापसात काय विचारतोय? ज्यांना माहीत आहे त्या समोर राहतात."

भोंगा उठलीच. मीही चपला अडकवून मागे गेले. शिवणकाकू एका कोटाचं अस्तर उसवत होत्या. भोंगाने त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, अर्धं ओठांनी, अर्धं हातांनी. काकूंनी कात्री खाली ठेवली. त्यांचे डोळे मोठे मोठे होत गेले. मग त्यांनी भोंगाचे दोन्ही गाल धरले आणि असे हलवले की पोरीचे दात वाजले असतील.

माझा प्रश्न भोंगाने त्यांना विचारला. काकू उठल्या. भिंतीवरचं बटण दाबून दिवा दोनदा मिचकावला. एक झाली हाक. मग पाय लाकडी फळीवर आपटला. मला माझ्या तळव्यांत धक्का जाणवला. दुसरी हाक. मग टेबलावर थाप, कात्र्या उडाल्या. आणि मग मनगटावरचं घड्याळासारखं काहीतरी माझ्यापुढे धरलं. त्यांच्या मुलाने आणून दिलेलं. तो दुसऱ्या गावाहून फोनचं बटण दाबतो आणि हे इथे त्यांच्या हातावर थरथरतं. माझ्याकडे बघून त्यांनी हात हलवले, भोंगाने अर्थ सांगितला. "काकू विचारतायत, तुमच्या घरी भोंगाने हाक मारली तर तुम्ही पहिल्या हाकेला उठता का?"

खोटं कशाला बोलू? मी उठत नाही.

काकूंनी अजून बरंच सांगितलं. तिथल्या खुणा इथल्यापेक्षा वेगळ्या असणार, जशा बोलायच्या भाषा वेगळ्या. इथलं सगळं तिथे चालेल असं धरून जाऊ नकोस. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघ, नुसत्या हातांकडे नको. आणि शेवटी त्यांनी स्वतःचा चेहरा एकदम बापुडवाणा केला, डोकं तिरकं, ओठ खाली, आणि बोट हलवून 'नाही' म्हटलं. असं कीव आल्याचं तोंड करून कुणाच्या घरी जाऊ नकोस. भोंगा खो खो हसली.

त्या रात्री मीच भावाला म्हणाले, "जाऊ दे तिला."

तो म्हणाला, "ताई, तू पण?" त्याचं मन अजून वळायचं होतं.

संस्थेने त्या कुटुंबाशी मोबाइलवर समोरासमोर बोलणं ठरवून दिलं. त्याआधी तिथल्या मुलीने भोंगाला दहा-बारा खुणा शिकवणाऱ्या छोट्या चित्रफिती पाठवल्या होत्या. भोंगा त्या उठता-बसता घोकत होती. जिन्यात, आरशासमोर, गिऱ्हाइकाला चष्मा घालून देतानासुद्धा. एकदा एका बाईंना वाटलं, ही माश्या हाकलते आहे.

ठरल्या वेळी काउंटरवर मोबाइल चष्म्यांच्या स्टँडला टेकवून ठेवला. आम्ही चौघं मागे दाटीवाटीने. पडद्यावर तिघं आले. यजमानीणबाई गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. मुलगी केस दोन्ही बाजूंना बांधलेली, तिच्याच मागे-पुढे नाचणारी. आणि यजमान, सुतारकाम करणारे, दाढीत लाकडाचा भुसा अडकलेला. मागे पातळ फळ्या उभ्या करून ठेवलेल्या दिसत होत्या.

भोंगाने श्वास घेतला आणि पाठ केलेलं वाक्य हातांनी म्हटलं.

तिघंही क्षणभर थिजले. मग यजमानीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. ती मुलगी हसत हसत पडद्यातून खालीच गेली. वर येऊन तिने सोप्या शब्दांत, थांबत थांबत सांगितलं, तेव्हा आम्हाला कळलं. 'मी तुमच्या घरी राहायला येतेय' म्हणायचं होतं, आणि भोंगा म्हणाली होती, 'मी तुमचं घर खायला येतेय.' बोटांची टोकं जरा चुकली होती.

भोंगाचा चेहरा लालबुंद. पण सुतार उठले, मागची एक फळी उचलून आणली, तिच्या कडेचा चावा घेतल्यासारखं केलं, जरा चघळलं, आणि मान डोलावून फळी भोंगापुढे धरली. घे, चांगली आहे. आम्ही असे हसलो की स्टँडवरचे दोन चष्मे खाली पडले. भावजयीला मी इतकं हसताना फार दिवसांनी बघत होते.

माझा भाऊ मात्र हसत नव्हता. तो पडद्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी वाकडं बोलणार. तो पुढे सरकला, भोंगाला बाजूला केलं, आणि बोट पडद्यावर ठेवलं.

"त्यांचा चष्मा तिरका बसलाय," तो म्हणाला. "डावी दांडी वर आहे. दिवसभर डोकं दुखत असेल त्यांचं."

भाषांतर करायला तो थांबलाच नाही. त्याने स्वतःचा चष्मा काढला, पडद्यासमोर धरला. आडवा ठेवून दाखवला, एक बाजू उचललेली. मग सुतारांकडे बोट. सुतारांनी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो डुगडुगला. त्यांचे डोळे विस्फारले. भावाने दांडीच्या मुळाशी बोट ठेवलं, मग गरम वाफेवर हात धरल्याची नक्कल केली, 'हळू, हळू' म्हणून तळहात खाली-वर, आणि मग दोन बोटांनी जरासा बाक. सुतार आत गेले, वाफाळणारी किटली घेऊन आले. धातूची तार असेल तर वाफेची गरज नाही, हे सांगायला भावाने डोकं हलवलं, फ्रेमवर नख वाजवून दाखवलं. सुतारांनी आपल्या फ्रेमवर नख वाजवलं आणि मान हलवली, प्लास्टिक. मग चालू राहिलं. पंधरा-वीस मिनिटं दोन बाप एकमेकांशी बोलत होते आणि त्यात एक शब्द नव्हता. मुली दोघी कंटाळून दुसऱ्या फोनवरून आपसात बोलायला लागल्या होत्या.

शेवटी सुतारांनी चष्मा चढवला. सरळ. त्यांनी डोकं इकडून तिकडे हलवून बघितलं, मग छातीवर हात ठेवून वाकले. भाऊही वाकला आणि काउंटरवर त्याचं कपाळ आपटलं.

फोन बंद झाल्यावर तो म्हणाला, "माणसं बरी आहेत." मग यंत्र सुरू करून त्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "कधी निघायचंय हिला?"

भावजयीला ओठ वाचता येतात, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. "ऑगस्टमध्ये!" ती ओरडली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येणार नाही. दंडात सुया टोचून घेणं, फोटो, शिक्के, रांगा. बॅगेचं वजन जास्त भरलं म्हणून भोंगा सामान काढायची आणि मी हळूच परत घालायचे. शिवणकाकूंनी तिला एक जाड कोट अंगाबरोबर करून दिला. त्याचे खिसे मुद्दाम वर घेतले, हात पटकन बाहेर काढता यावेत म्हणून. विमानतळावर मी रडायचं नाही असं ठरवलं होतं. भावाने तसं काही ठरवलं नव्हतं, तो रडला. भावजयीने पोरीच्या पाठीत थाप मारली, "आरसे बघत जा," म्हणाली. बसवाले नव्या माणसाला तेच सांगतात म्हणे. काचेच्या पलीकडे गेल्यावर भोंगा मागे वळली. तिथून हाक ऐकू येणार नव्हती, म्हणून तिने हाक मारली नाही. दोन्ही हात वर करून बोटं थरथरवली. ऐकू न येणाऱ्यांची टाळी अशी असते, ती आम्हाला करून दाखवत होती. आम्ही तिघांनीही केली. बाजूचे लोक बघत होते, बघू देत.

तिथे पोहोचल्याची हकिकत तिने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितली, एका श्वासात, आणि यंत्र बंद ठेवून आम्ही ती ऐकली.

तिला न्यायला तिघंही आले होते. ती दोन्ही बाजूंना केस बांधणारी मुलगी तर अडथळ्याखालून घुसून आत आली होती. मिठ्या झाल्या. गाडीत बसले. सुतार गाडी चालवत होते आणि आरशात बघून एका हाताने भोंगाशी गप्पा मारत होते. शेजारी बसलेल्या बाई वळून दोन्ही हातांनी. भोंगा घाबरली. बसवालीची मुलगी ती. "पुढे बघा, पुढे बघा!" म्हणून ओरडली, मग आठवलं की ओरडून काय होणार, मग पुढे बोट दाखवत राहिली. त्यांना वाटलं, तिला बाहेरचं काहीतरी बघायचंय. सुतारांनी तत्परतेने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

बाहेर नुसतं तळं होतं. रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली होती, तरी स्वच्छ ऊन. थांबलोच आहोत तर म्हणून सगळे खाली उतरले, आणि आता हात मोकळे झाल्यावर तिघंही एकदम बोलायला लागले. हे तळं, ते पलीकडचं लाल छप्पर आपलं, ती तुझी खिडकी, भूक लागली का, विमानात झोपलीस का, हिवाळ्यात हे सगळं गोठतं, तेव्हा यावरून चालत जाऊ. चारातलं एक तिला कळत होतं. उरलेल्या तिन्हींना ती मान हलवून हो म्हणत होती. कशाकशाला हो म्हणून बसले देव जाणे, असं म्हणाली. एका 'हो'चा अर्थ तिला सकाळी सहाला कळला, जेव्हा दिवा मिचकावून सुतारांनी तिला फळ्या उतरवायला उठवलं.

"आणि गाडीत?" भावजयीने विचारलं. "परत नीट चालवली ना त्यांनी?"

"मी मागे मध्ये बसले," भोंगा म्हणाली. "तिथून दोघांचेही हात दिसतात. आणि आई, ते चालवतात छान. तुझ्याएवढे नाही, पण छान."